‘अस’ : प्रेक्षक नेमके कशावर भांडतात?

प्रश्न : जॉर्डन पील यांचा ‘अस’ (2019) हा हुबेहूब आपल्यासारख्याच दिसणाऱ्या मारेकऱ्यांचा भयपट आम्ही मुलुंडला घरी सगळ्यांनी मिळून पाहिला. धाकट्या दिरांच्या मते इतका चांगला भयपट अलीकडे झालेला नाही. सासऱ्यांना पहिला तास आवडला, पण बोगद्यांचा खुलासा सुरू झाल्यावर ‘काहीही दाखवतात’ म्हणून त्यांनी चष्मा काढून ठेवला. मला शेवटचा धक्का आधीच कळला होता, त्यामुळे माझा विरस झाला. एकाच चित्रपटाबद्दल इतकी टोकाची मते का होतात? खुलासा तर्काला धरून नाही ही तक्रार खरी आहे का? आणि चौदा वर्षांच्या भाच्याला हा चित्रपट दाखवावा का?

उत्तर :

आपल्या प्रश्नाचे उत्तर शेवट उघड केल्याशिवाय देता येणार नाही, त्यामुळे ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही त्यांनी इथेच थांबावे.

आपल्या घरातल्या तिन्ही मतांना आधार आहे. अडचण एवढीच की तिघेजण तीन वेगळ्या गोष्टींना गुण देत आहेत. दीर भीतीला गुण देतात, सासरे खुलाशाला आणि आपण रहस्याला. मी मुंबईत संकलक म्हणून काम करतो आणि मालिकांमधल्या व चित्रपटांमधल्या डबल रोलची दृश्ये जुळवण्यात माझा बराच काळ गेला आहे, त्यामुळे माझी फूटपट्टी आणखी वेगळी आहे. शेवट माहीत असताना चित्रपट पुन्हा पाहिला, तर नायिकेचा प्रत्येक शॉट खरा ठरतो का, हे मी पाहतो. माझ्या मते ‘अस’ त्या परीक्षेत उत्तम रीतीने उतरतो. खुलासा मात्र खरोखरच कच्चा आहे, पण आपल्या सासऱ्यांना वाटते त्या कारणामुळे नव्हे.

मतांची ही फाटाफूट फक्त मुलुंडची नाही. सुमारे 2 कोटी डॉलर खर्चून केलेल्या या चित्रपटाने अमेरिकेत पहिल्या तीन दिवसांतच सुमारे 7 कोटी डॉलर मिळवले आणि जगभरात 25 कोटी डॉलरच्या वर मजल मारली. समीक्षकांनी तर त्याला डोक्यावरच घेतले. तरीही, पहिल्या दिवशी चित्रपटगृहाबाहेर पडणाऱ्या प्रेक्षकांकडून श्रेणी भरून घेणाऱ्या सिनेमास्कोर या संस्थेच्या पाहणीत त्याला ‘बी’ मिळाली. पील यांच्याच ‘गेट आउट’ला (2017) ‘ए-मायनस’ मिळाली होती. भयपटाला ‘बी’ मिळणे वाईट नाही, कारण घाबरून बाहेर पडलेला माणूस सहसा उदार मनाने गुण देत नाही. पण ‘गेट आउट’मध्ये शेवटी सगळे धागे जुळतात आणि प्रेक्षक समाधानाने उठतो, तेच समाधान पुन्हा मिळेल या अपेक्षेने जे आले, त्यांना ‘अस’ने मुद्दामच काही धागे लोंबकळत ठेवल्याचे दिसले. निराशेचा एक मोठा भाग तिथून आला आहे.

आपल्याकडच्या प्रेक्षकाची अडचण त्याहून निराळी आणि जास्त रंजक आहे. डबल रोल आपल्याला नवा नाही. दादासाहेब फाळके यांच्या ‘लंकादहन’मध्ये (1917) अण्णा साळुंके यांनी राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या, तेव्हापासून शंभरहून अधिक वर्षे आपण एकाच नटाला दोन ठिकाणी पाहत आलो आहोत. पुढे हिंदी चित्रपटाने त्याचा ठरलेला साचा केला : जत्रेत मूल हरवते, दोन भावंडे दोन घरांत वाढतात, एक सोशिक आणि एक डांबरट निघतो, घोळावर घोळ होतात आणि शेवटी खुणेच्या वस्तूवरून किंवा लहानपणीच्या गाण्यावरून ओळख पटून गळाभेट होते. आता ‘अस’ची सुरुवात आठवून पाहा. 1986 साली कॅलिफोर्नियातल्या सांता क्रूझच्या किनाऱ्यावरच्या जत्रेत आईवडिलांचा डोळा चुकवून एक लहान मुलगी आरसेमहालात शिरते आणि तिथे तिला पाठमोरी उभी असलेली स्वतःच भेटते. अनेक वर्षांनी त्या दोघी पुन्हा समोरासमोर येतात, आणि ओळखीची खूण म्हणून शिटीवर वाजवलेले तेच बालगीतही आहे. आपल्या साच्यातला एकही टप्पा यात गळलेला नाही. फक्त गळाभेटीच्या जागी कात्री आहे. त्यामुळे मुंबईतला प्रेक्षक नकळत रक्ताच्या नात्याचा, जुळ्यांचा, दाईने केलेल्या अदलाबदलीचा खुलासा शोधत बसतो, आणि तसा तो मिळाला नाही की ‘काहीही दाखवतात’ असे त्याच्या तोंडून येते.

कथा थोडक्यात सांगतो, म्हणजे पुढचे बोलणे नेमके होईल. ती मुलगी, ॲडलेड, मोठी होऊन नवरा गेब आणि झोरा व जेसन या दोन मुलांसह सुट्टीतल्या घरी येते. आपल्याकडे अलिबागला किंवा लोणावळ्याला बंगला घेतलेले कुटुंब जाते तसेच. रात्री घरासमोरच्या वाटेवर चार माणसे एकमेकांचे हात धरून निमूट उभी राहतात. लाल कपडे, एका हातात हातमोजा, सोनेरी कात्री, आणि चेहरे मात्र या चौघांचेच. त्यांची म्होरकी रेड ही ॲडलेडची प्रतिकृती आहे आणि त्या सगळ्यांमध्ये फक्त तिलाच बोलता येते. जमिनीखालच्या बोगद्यांत अशी असंख्य माणसे वरच्यांच्या हालचालींची नक्कल करत जगत होती आणि आता ती वर आली आहेत, असे पुढे कळते. शेवटी उघड होते ते असे : 1986 साली आरसेमहालात खालच्या मुलीने वरच्या मुलीचा गळा दाबला, तिला खाली डांबले आणि तिचे कपडे घालून ती वर निघून आली. म्हणजे आपण जिच्या बाजूने दोन तास जीव मुठीत धरून बसलो ती मुळात खालची, आणि जिला राक्षसीण समजलो ती खरी ॲडलेड.

दिरांच्या मताकडे आधी वळतो, कारण भीतीच्या बाबतीत ते बरोबर आहेत. डबल रोलमध्ये प्रेक्षकाला सहसा तंत्राचे कौतुक वाटते : दोघे एकाच चौकटीत कसे आणले, हात हातात कसा दिला. आमच्या सेटवर त्यासाठी कॅमेरा लॉक करून आधी एक बाजू चित्रित करतात, मग कपडे, केस, मेकअप बदलून दुसरी. समोर ड्युप्लिकेट उभा करून त्याच्या खांद्यावरून सजेशन घेतात, म्हणजे त्याच्या खांद्याची कड चौकटीत ठेवून समोरच्या नटाचा शॉट. आणि सगळा जीव टांगलेला असतो तो लूकवर, म्हणजे नटाची नजर नेमकी कुठे पडते यावर. समोरच्या माणसाचे डोळे जिथे असायला हवेत त्याच्या चार बोटे वर नजर गेली, तरी प्रेक्षकाला काय चुकले ते सांगता येत नाही, पण दृश्य खोटे वाटू लागते. मालिकांच्या घाईत हे हमखास होते. मग संकलनाच्या टेबलावर पंख्याचा किंवा दाराचा शॉट घालून आम्ही ते झाकतो.

‘अस’मधल्या दिवाणखान्याच्या दृश्यात झाकण्यासारखे काही नाही. वरचे कुटुंब सोफ्यावर, रेड शेकोटीजवळ खुर्चीत, आणि ती घोगऱ्या, अडखळत्या, श्वास आत ओढत काढलेल्या आवाजात एका मुलीची व तिच्या सावलीची गोष्ट सांगते. मुलीला गरम, चविष्ट जेवण मिळे तेव्हा सावलीला कच्चा ससा मिळे. मुलीला सुंदर राजपुत्र भेटला तेव्हा सावलीच्या वाट्याला जो आला तो आला. हे दृश्य बहुतांशी एकेकट्या माणसाच्या शॉटवर उभे आहे. दोन्ही बाजूंना ल्युपिटा न्योंगो आहेत, पण चौकटीतल्या जोडणीचा चमत्कार दाखवण्याची हौस दिग्दर्शकाला नाही. रेड पापणी जवळजवळ लवतच नाही, मान ताठ, बोलताना अंग स्थिर. समोर ॲडलेडच्या डोळ्यांतून पाणी वाहते, ओठ थरथरतात. एक जण रडते आहे आणि दुसरी तिला रडताना पाहते आहे, हे दोन वेगळ्या वेळी चित्रित झाले असणार याची आठवणही होत नाही. माझ्या मते या भूमिकेसाठी न्योंगो यांना ऑस्करचे नामांकन न मिळणे हा त्या वर्षीचा अन्यायच होता.

त्याहून लहान, पण मला जास्त हादरवणारी जागा एलिझाबेथ मॉस यांची आहे. शेजारच्या श्रीमंत टायलर कुटुंबाचा खून करून त्यांच्या प्रतिकृती घरात वावरतात तेव्हा त्या घरातल्या किटीची (ही भूमिका मॉस यांचीच) प्रतिकृती आरशासमोर बसून ओठांना रंग लावते. आधी कौतुकाने पाहते, मग हसते, आणि ते हसू आवाज न करता ताणत ताणत रडण्यापर्यंत जाते. या बाईला आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचा आरसा मिळाला आहे. संवाद एकही नाही, आणि शॉट तोडण्याची घाईही नाही. भीती आणि कणव एकाच चेहऱ्यावर इतका वेळ टिकवणे फार अवघड असते.

आता सासऱ्यांची तक्रार. एवढे बोगदे कोणी खणले, एवढ्या माणसांना कोण पोसत होते, लाल कपडे कोणी शिवले, कात्र्या कुठून आल्या, हे प्रश्न जगभर विचारले गेले. दादरला एका चर्चेत एका गृहस्थांनी खालच्या सरकत्या जिन्याचे वीजबिल कोण भरते असे विचारले होते, आणि सभागृह बराच वेळ हसत होते. यावर ‘ते रूपक आहे, तर्क शोधू नका’ असे उत्तर देण्याची पद्धत आहे. मला ते उत्तर पटत नाही. रूपकालाही स्वतःचे नियम असतात आणि ते पाळावे लागतात.

पण खुलासा कोण करते, हे आधी पाहावे. वैज्ञानिक नाही, सरकारी कागद नाही. खाली शाळेसारख्या वर्गात, ॲडलेडकडे पाठ करून, रेड बोलते. वरच्यांवर ताबा ठेवण्यासाठी माणसांनीच या प्रतिकृती बनवल्या, शरीराची नक्कल जमली पण आत्म्याची जमली नाही, म्हणून प्रयोग सोडून दिला, असा तिचा समज आहे. आणि रेड म्हणजे कोण, तर लहानपणीच अंधारात ओढली गेलेली एक मुलगी. तिच्याजवळ बाहेरच्या जगाची म्हणून जी शिदोरी आहे ती 1986 सालच्या मुलीची आहे : दूरदर्शन संचावर पाहिलेली मानवी साखळीची जाहिरात, जत्रा, अंगातला टीशर्ट, कागद दुमडून कात्रीने कापली की हातात हात घालून उभी राहणारी कागदी माणसे. तिचा सारा उठाव याच सामानातून उभा राहिला आहे. लाल कपडे, कात्री, हात धरून उभी रांग या गोष्टी मोठ्या माणसाच्या युद्धनीतीत बसत नाहीत हे खरे, पण एका मुलाच्या कल्पनेत त्या तंतोतंत बसतात. एवढे ध्यानात घेतले की निम्म्या शंका आपोआप गळून पडतात.

उरलेल्या निम्म्यांचा दोष मी दिग्दर्शकाकडे देतो, आणि तो संकलनाशी निगडित आहे. रेडचे बोलणे केवळ तिच्या चेहऱ्यावर ठेवले असते तर तो तिचा अंदाज म्हणून राहिला असता. पण ती बोलत असताना आपल्याला वरची जत्रा आणि खालच्या बोगद्यात तिची नक्कल करणारी माणसे, हे आलटून पालटून दाखवले जाते. पडद्यावरचा नियम असा आहे की निवेदनाला दृश्याची जोड मिळाली की प्रेक्षक ते निवेदन खरे धरतो. शिवाय चित्रपटाच्या अगदी सुरुवातीला, अमेरिकेखाली हजारो मैलांचे बोगदे आहेत आणि त्यांतल्या अनेकांचा उपयोग कोणालाच माहीत नाही, अशी अक्षरे पडद्यावर येतात. म्हणजे दिग्दर्शकाने स्वतःच हिशेबाची वही उघडून दिली आणि बेरीज मात्र अर्धवट सोडली. प्रेक्षकाने ती तपासली तर त्याला दोष देता येणार नाही. खुलासा अजिबात नसता तरी चालले असते, पूर्ण असता तरी चालले असते. नक्कल करण्याच्या बंधनाचाही असाच गोंधळ आहे : उठावानंतर खालची माणसे मोकळी झालेली दिसतात, तरी जेसन पाठमोरा चालू लागला की त्याची प्रतिकृती प्लूटो तशीच मागे मागे जात आगीत शिरते. दृश्य म्हणून ते विलक्षण आहे, पण नियम म्हणून ते लंगडे आहे.

याच जागेवरून जेसनही पूर्वी कधीतरी बदलला गेला होता असा एक तर्क काही प्रेक्षक हिरिरीने मांडतात. त्याला चित्रपटात पुरेसा आधार मला दिसत नाही. ॲडलेडच्या बाबतीत दिग्दर्शक जागोजागी पेरणी करून ठेवतो. जेसनच्या बाबतीत तसे काही नाही.

ही पेरणी हाच आपल्या स्वतःच्या तक्रारीवरचा माझा मुख्य मुद्दा आहे. शेवट आधी कळला म्हणून विरस झाला असे आपण लिहिता. पण तो कळावा अशीच मांडणी आहे. रेडला एकटीलाच बोलता येते, ही केवढी मोठी खूण आहे! आरसेमहालातून परतल्यावर मुलगी बोलेनाशी होते आणि आईवडील तिला तज्ज्ञाकडे नेतात. पहिल्यांदा पाहताना आपण ते भीतीचा परिणाम समजतो. दुसऱ्यांदा कळते की तिला बोलणे येतच नव्हते, ती ते शिकत होती. किनाऱ्यावर किटी गप्पा मारू लागते तेव्हा ॲडलेड तिला सांगते की मला नुसत्या गप्पा मारणे जमत नाही. मोटारीत लूनिझ यांचे 1995 सालचे ‘आय गॉट फाइव्ह ऑन इट’ लागते आणि ती जेसनला ठेका धरायला शिकवत चुटक्या वाजवते, तर तिच्या चुटक्या ठेक्यावर पडतच नाहीत. पुढे किनाऱ्यावर चौघे चालतात तेव्हा कॅमेरा थेट वरून त्यांच्याकडे पाहतो आणि वाळूवर माणसांपेक्षा सावल्याच लांबलचक दिसतात. आणि हल्ल्यानंतर जसजशी रात्र सरते तसतशी ॲडलेडच्या तोंडून शब्दांऐवजी गुरगुर निघू लागते. जेसन ते पाहतो, आणि त्याचा चेहरा आपल्याला दाखवला जातो.

ज्याचे मोल फक्त न कळण्यात आहे असा धक्का एकदाच वापरता येतो. इथे कळल्यावरच खरा प्रश्न सुरू होतो. आपल्याकडे तो फार पूर्वी विचारला गेला आहे. सूर्याचे तेज असह्य होऊन संज्ञा आपली छाया घरात ठेवून निघून जाते. छाया पत्नी म्हणून, आई म्हणून नांदते, तिला स्वतःची मुलेही होतात. नवग्रहस्तोत्रात आपण शनीला ‘छायामार्तंडसंभूत’ म्हणतो तो तिचाच मुलगा. पुराणकथेत छाया उघडी पडते ती आईपणाच्या कसोटीवर : ती संज्ञेच्या मुलांना दुजाभावाने वागवते, यमाला शाप देते, आणि पोटच्या मुलाला आई असा शाप देणार नाही, हे सूर्याच्या लक्षात येते. ‘अस’मध्ये हीच कसोटी उलटी लागते. सावलीच आई झाली आहे, आणि ती उत्तम आई आहे. मुलांसाठी ती बेड्या घातलेल्या हातांनी लढते, पुन्हा बोगद्यात उतरते. उलट खरी ॲडलेड तिच्या मुलांना मारायला निघाली आहे. मग खरी कोण, हा प्रश्न शेवटच्या दृश्यात फक्त जेसनच्या डोळ्यांत राहतो आणि तो डोक्यावरचा मुखवटा चेहऱ्यावर ओढून घेतो. मला या चित्रपटाबद्दल जे सर्वाधिक वाटते ते या जागेमुळे वाटते, आणि इथे बोगद्याच्या विजेचा काही संबंध येत नाही.

विनोदामुळे भीती पातळ होते अशी तक्रार आपल्या घरी झाली नसली तरी सर्वत्र ऐकू येते. गेबचे पाणचट विनोद मलाही एक-दोन ठिकाणी जास्त वाटतात. पण मरणासन्न किटी घरातल्या आवाजी सहायकाला पोलिसांना बोलवायला सांगते आणि ते यंत्र पोलिसांना शिव्या घालणारे गाणे लावते, ही जागा विनोद आणि भय वेगळे काढता येत नाहीत अशीच आहे. आपल्या चित्रपटगृहांत मध्यंतराचाही हिशेब धरावा लागतो. 116 मिनिटांचा हा चित्रपट मध्यंतराविना पाहावा अशा बेताने बांधलेला आहे. ताण चढत असताना दिवे लागले, समोसे आले, भ्रमणध्वनी उघडले की दुसऱ्या अर्ध्यात तोच ताण पुन्हा शून्यातून उभारावा लागतो, आणि नेमक्या त्याच अर्ध्यात खुलाशाचे लांब भाषण आहे. मध्यंतरासह पाहणाऱ्यांची उत्तरार्धाबद्दलची नाराजी जास्त असते, असे चर्चांमधून मला जाणवले आहे.

राजकीय अर्थाबद्दल फार ताणू नये, पण एक संदर्भ ठाऊक असलेला बरा. सुरुवातीला दिसणारी मानवी साखळीची जाहिरात खरी आहे. 25 मे 1986 रोजी भूक आणि बेघरपणा यांसाठी निधी उभारायला लाखो अमेरिकन लोकांनी हात धरून देशाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत साखळी करण्याचा प्रयत्न केला. साखळीत ठिकठिकाणी मोठ्या फटी राहिल्या, आणि सुमारे 3 कोटी 40 लाख डॉलर जमून त्यातले निम्म्याहून कमी, दीड कोटीच्या आसपास, खर्च वजा जाता गरजूंसाठी उरले. शेवटी डोंगरांवरून पसरत गेलेली लाल कपड्यांची साखळी या पार्श्वभूमीवर पाहिली की तिचा डंख कळतो. ‘तुम्ही कोण?’ या प्रश्नावर रेड ‘आम्ही अमेरिकन’ म्हणते, तेही त्याच ओळीत बसते. दादरच्या त्याच चर्चेत एका बाई म्हणाल्या की त्यांच्या इमारतीत घरकामाला येणाऱ्या बायकांनी मालवाहू लिफ्टच वापरावी असा नियम आहे, आणि चित्रपट पाहिल्यानंतर त्या लिफ्टसमोर उभे राहणे त्यांना जड जाऊ लागले. वीजबिलाच्या प्रश्नाइतके हसू त्यावर कोणाला आले नाही.

एका आक्षेपाची नोंद करणे आवश्यक आहे. रेडच्या आवाजासाठी आपण स्वरयंत्राच्या स्नायूंना झटके येणाऱ्या एका विकाराचा आधार घेतला, असे न्योंगो यांनी सांगितल्यावर त्या विकाराच्या रुग्णांसाठी काम करणाऱ्या संस्थेने, अपंगत्वाला भीतीचे साधन केल्याबद्दल नाराजी व्यक्त केली आणि न्योंगो यांनी दिलगिरीही दर्शवली. आक्षेप रास्त होता. कथेत त्या आवाजाला कारण आहे, गळा दाबला गेल्याने तो तसा झाला आहे. पण ते कारण प्रेक्षकाला अगदी शेवटी कळते, तोवर केवळ आवाजालाच घाबरायचे असते.

घरी पुन्हा पाहणार असाल तर दिवसा, खिडकीचा पडदा उघडा ठेवून पाहू नका. छायाचित्रणकार माइक जिउलाकिस यांनी रात्रीचा मोठा भाग अगदी कमी प्रकाशात टिपला आहे, आणि सावळ्या चेहऱ्यांवरची प्रकाशाची पातळ कड उजेडातल्या टीव्हीवर पार हरवते. ‘काही दिसतच नाही’ ही तक्रार बहुधा तिथून येते. आवाजाचेही तसेच आहे. मायकेल एबल्स यांच्या संगीतातले, लॅटिनसारखे वाटणारे पण अर्थ नसलेले समूहगान टीव्हीच्या छोट्या स्पीकरवर नुसता गलका वाटते. हेडफोनवर त्यातले आवाज सुटे होतात.

भाच्याबद्दल. अमेरिकेत या चित्रपटाला ‘आर’ श्रेणी आहे, म्हणजे सतरा वर्षांखालील मुलांना मोठ्या माणसासोबतच प्रवेश. कात्रीचे वार आणि रक्त आहे, पण भडक चिरफाड तुलनेने कमी आहे. चौदा वर्षांच्या मुलाच्या बाबतीत मला काळजी रक्ताची वाटत नाही. मुलांना स्वतःच्या वयाच्या, स्वतःसारख्या दिसणाऱ्या मुलांना मारावे लागते आणि शेवटी आईच्या खरेपणाची शंका उरते, हे जास्त खोल जाते. आई फारशी भोवती नसलेल्या किंवा नुकत्याच घरातल्या मोठ्या बदलातून गेलेल्या मुलाला मी एवढ्यात दाखवणार नाही. एरवी तो भयपट पाहत असेल तर दिरांना सोबत बसवावे, शेवटच्या दहा मिनिटांआधी कोणी उठू नये, आणि नंतर त्याने विचारल्याशिवाय शेवटाचा अर्थ त्याला सांगू नये.